शेताची वही लेकीच्या हाती द्या



शेतीचा विषय निघाला की आपण बियाण्यावर बोलतो, खतावर बोलतो, पाण्यावर आणि बाजारभावावर बोलतो. आज मात्र मी तुमच्या घरातल्याच एका विषयावर बोलणार आहे, आणि तो विषय म्हणजे तुमची लेक. पहाटे उठून ती अंगण झाडते, गोठ्यातले शेण काढते, पाणी भरते, धाकट्या भावाचे आवरून देते आणि मग दप्तर उचलून शाळेला पळते. सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर खुरपायला जाते, कापूस वेचते, शेंगा तोडते. अशा मुलीला कोणी विचारले, "तुमच्याकडे शेती कोण करते?" तर ती लगेच सांगते, "आमचे वडील करतात."

विस्ताराच्या कामानिमित्त गावोगावच्या शाळांत जाणे होते, तेव्हा हेच उत्तर मी अनेकदा ऐकतो. त्यात मुलींचा काही दोष नाही. घरात त्या जे पाहतात तेच सांगतात. वाण कोणते घ्यायचे, पेरणी कधी करायची, माल केव्हा विकायचा, कर्ज किती काढायचे, हे सगळे बाप-लेक ओट्यावर बसून ठरवतात. मायलेकींच्या वाट्याला येते ते खुरपे.

मुलीला शिकवा, तिला पुढे आणा, असे सगळेच सांगतात. "मुलगी शिकली, प्रगती झाली" ही पाटी शाळेच्या भिंतीवर असतेच. ती भिंतीवरून आपल्या घरात कशी यावी, हा खरा प्रश्न आहे. माझे सांगणे अगदी साधे आहे. या हंगामापासून शेताच्या हिशेबाची वही तुमच्या लेकीच्या हाती द्या. पन्नास-साठ रुपयांची ही वस्तू, पण तिच्यातून काय काय निघते ते पाहा.

सातवीचे गणित आणि युरियाची गोणी

शेकडेवारीचे गणित मुले शाळेत शिकतात. ते त्यांना रुक्ष वाटते, कारण पुस्तकातला व्यापारी आणि त्याचा नफा-तोटा त्यांनी कधी पाहिलेला नसतो. तेच गणित तुमच्या ओसरीवर गोणीच्या रूपाने उभे आहे.

युरियात ४६ टक्के नत्र असते. आजची युरियाची गोणी ४५ किलोची. म्हणजे एका गोणीत नत्र किती? २० किलो ७०० ग्रॅम. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीवर १८:४६ असे आकडे असतात. त्याचा अर्थ, त्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद आहे. आता समजा, तुमच्या पिकाला एकरी ४० किलो नत्राची शिफारस आहे. युरिया द्यायचा तर दोन गोण्या लागतील, असे तुम्ही धरून चालता. पण पेरणीच्या वेळी तुम्ही एकराला डीएपीची एक गोणी आधीच दिलेली असते. तिच्यातून ९ किलो नत्र जमिनीत गेले. उरले ३१ किलो. त्याला सुमारे ६७ किलो युरिया पुरतो, म्हणजे दीड गोणी. अर्धी गोणी वाचली. पाच एकरांत अडीच गोण्या वाचल्या. शिवाय नत्र जास्त झाले की पीक नुसते हिरवेगार माजते, लोळते आणि किडीला आमंत्रण देते, तो तोटा टळला तो वेगळाच.

हे गणित तुमची सातवी-आठवीतली मुलगी दहा मिनिटांत करील. एकदा तिच्या गणिताने घरचे पैसे वाचले की घरात तिच्या शब्दाला वजन येते, आणि तिलाही कळते की आपले शिक्षण केवळ लग्नाच्या स्थळासाठी नाही. मुलीच्या मनात उभारी आणायला यापेक्षा चांगला उपाय मला ठाऊक नाही.

शंभर दाण्यांची परीक्षा

दुसरे काम बियाण्याचे. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवले असेल तर पेरणीआधी त्याची उगवण तपासलीच पाहिजे. ओले गोणपाट घ्यावे. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडावेत. वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडून ओल टिकवावी. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलो बियाणे नेहमीप्रमाणे वापरावे. सत्तराच्या खाली आले तर त्या मानाने बियाणे वाढवावे, आणि फारच कमी उगवले तर ते बियाणे पेरूच नये.

शंभर दाणे घेतले म्हणजे टक्केवारी आपोआप निघते. हे काम मुलीवर सोपवा आणि तिचा आकडा वहीत तारखेसह लिहायला सांगा. पेरणीचा निर्णय त्या आकड्यावर घ्या. घरच्या शेतीचा एक निर्णय लेकीच्या शब्दावर झाला, असे प्रथमच घडेल.

मातीचा नमुनाही तिला काढता येतो. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, कडेची माती गोळा करायची, एकत्र कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत राहायचे. झाडाखालची, बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती मात्र घ्यायची नाही.

एक गोष्ट कटाक्षाने सांगतो. औषधांना मुलांचा हात लागू देऊ नका, मग ती मुलगी असो की मुलगा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण विसरता कामा नये. मात्र डब्यावरच्या चिठ्ठीची माहिती मुलीला जरूर असावी. त्यावरचा त्रिकोण लाल असेल तर औषध सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. डब्याबरोबरची माहिती मोठ्याने वाचून दाखवणारी मुलगी घरात असली तर फवारणी करणाऱ्या बापाचा जीवही सुरक्षित राहतो.

वहीत आईचा रोज लिहा

आता वहीकडे वळू. तिच्यात पाच रकाने आखा : तारीख, काम किंवा वस्तू, किती, दर आणि रक्कम. बियाणे, खत, नांगरट, मळणी, वाहतूक, जे जे होईल ते त्याच दिवशी लिहायचे. दुधाची पावती आली की लिटर, फॅट आणि दर लिहायचा. बाजार समितीतली पट्टी आली की हमाली, तोलाई, कपात ओळीने वाचून उतरवायची. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय राज्यात २०१६ साली झाला. पट्टीवर ती कोणाच्या नावे पडली, हे वाचणाऱ्यालाच समजते.

पण या वहीत एक नोंद अशी आहे की जी आपण कधीच करीत नाही. ती म्हणजे घरच्या माणसांच्या कामाची. बाहेरची बाई खुरपायला आली तर तिचा रोज आपण न चुकता लिहितो. त्याच ओळीत, त्याच उन्हात, तितकेच तास खुरपणाऱ्या घरच्या बाईचा रोज मात्र कोणी लिहीत नाही. "घरचेच आहे की," असे आपण म्हणतो.

केंद्र सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा उत्पादन खर्च काढतो, तेव्हा तो घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत त्यात धरतो. जे दिल्लीच्या हिशेबात येते ते आपल्या वहीत का येऊ नये? समजा, एका पिकात तुमच्या घरधनीणबाईने ४० दिवस काम केले आणि तुमच्या गावचा रोज ३०० रुपये आहे. तर १२ हजार रुपये झाले. हे पैसे कोणी रोख द्या, असे मी म्हणत नाही. पण ते लिहा. लेकीच्या हाताने लिहा. आपली आई "काहीच करत नाही", की वर्षाकाठी इतक्या हजारांचे काम करते, हे ती स्वतः आकडा लिहून पाहील. ज्या मुलीला आईच्या कष्टाची किंमत कळली, ती स्वतःला कधी ओझे समजणार नाही. आणि तिचा भाऊही ती वही वाचील, हे ध्यानात घ्या.

नोंदीचे महत्त्व किती असते, याचे उदाहरण आपल्या खानदेशात आहे. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या लेक. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करता करता, जात्यावर दळता दळता त्या ओव्या रचीत. घरातल्या मुलांनी त्यातल्या काही लिहून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. जे लिहिले गेले ते महाराष्ट्राला मिळाले, जे लिहिले नाही ते त्यांच्याबरोबर गेले. आपल्या घरोघरच्या बायांचे शहाणपण असेच न लिहिल्याने वाया गेले आहे. आता लिहिणारी मुलगी घरात आहे, तर तिच्या हाती वही असू द्या.

शाळा सुटू देऊ नका

हे सारे व्हायचे तर मुलीची शाळा चालू राहिली पाहिजे. गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि पुढची शाळा लांब असते. मुलगी घरी बसते ती बहुतेक या टप्प्यावर. लांबच्या वाटेची काळजी आई-बापांना वाटणारच. पण वाट लांब आहे म्हणून आपण शेत पडीक ठेवीत नाही, काही तरी सोय करतो. तशी इथेही सोय आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो. मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. वस्तीवरच्या चार-पाच मुली एकत्र जातील असे पाहा, म्हणजे अर्धी काळजी मिटते.

पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या घरांसाठी "लेक लाडकी" योजना आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. हप्ते शाळेच्या इयत्तांशी जोडले आहेत, यातला हेतू ओळखा. चौकशी अंगणवाडी सेविकेकडे करावी.

दहावीनंतर शेतीचेच शिक्षण घ्यायचे असेल तर मराठीतून कृषी पदविका आहे आणि बारावी विज्ञाननंतर पदवी आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे राज्यात आहेत. आम्ही कृषी पदवीला होतो तेव्हा वर्गातल्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्या लागत. आज कृषी महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने दिसतात, आणि माझ्या खात्यातही बांधावर येऊन सल्ला देणाऱ्या मुली आहेत. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, मागास व इतर मागास वर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे आणि त्यात कृषी शिक्षणही येते. तेव्हा "पैशापायी थांबवले" ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

लग्नाविषयी स्पष्टच बोलतो. कायद्याने मुलीचे वय अठरा पूर्ण हवे. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असतात. वयात आलेली मुलगी मागे कोणाजवळ ठेवायची, या चिंतेतून तिचे लग्न लवकर उरकले जाते. चिंता खोटी नाही, पण उपाय चुकीचा आहे. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात तिच्या जिवाला धोका असतो आणि बाळही अशक्त निपजते. गावात हंगामी वसतिगृहाची मागणी करा, आजी-आत्याकडे सोय पाहा, पण शाळा तोडू नका. कुठे असे लग्न ठरत असेल तर ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला कळवावे, अथवा १०९८ या क्रमांकावर फोन करावा. मुलगीसुद्धा हा फोन करू शकते, हे तिला सांगून ठेवा.

सातबारावरचे नाव

"परक्याचे धन" हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे लेकीचे नाव जमिनीच्या कागदावर नसणे. कायदा काय सांगतो ते थोडक्यात सांगतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून, त्या तारखेपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना तो हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी ही मुलाच्या बरोबरीने हिस्सेदार झाली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क तिला जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना लागू आहे. इतरांनी आपापला वारसा कायदा जाणून घ्यावा.

बहीण हक्कसोडपत्रावर सही करते तेव्हा बहुधा तिला कागद वाचायलाही मिळत नाही. माहेर तुटेल या भीतीने ती अंगठा किंवा सही करते. तिने सही करावी की नाही, हा तिचा प्रश्न. पण समजून, वाचून, कोणाच्या दबावाखाली न येता ठरवण्याचा अधिकार तिला असलाच पाहिजे. ज्या मुलीने लहानपणापासून शेताची वही लिहिली, सातबारा वाचला, गट नंबर आणि आकार काय ते ओळखले, तिला कोणी कागद न वाचता सही करायला लावू शकणार नाही.

शेतकऱ्यांनी हा विचार पूर्वीच केलेला आहे, तो काही शहरातून आलेला नाही. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. ज्या गावात शंभर कुटुंबे घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून देतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव, असे ठरले आणि अनेक गावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनी नावे केल्या. आज कागदाची रीतही बदलते आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, अशी पद्धत राज्याने घालून दिली आहे.

लोक काय म्हणतील?

काही जण म्हणतील, "मुलगी तर सासरी जाणार, शेतीचे शिकून आम्हाला काय उपयोग?" अहो, तुमची मुलगी सासरी जाईल तशी दुसऱ्या कोणाची मुलगी सून म्हणून तुमच्या घरी येईल. ती माती परीक्षण जाणणारी, हिशेब ठेवणारी आली तर तुम्हाला नको आहे का? प्रत्येक गावाने आपल्या लेकी शिकवल्या तर प्रत्येक गावाला शिकलेल्या सुना मिळतील. शिवाय घरधनी आजारी पडला, कामाला बाहेर गेला अथवा अकाली गेला, तर शेती कोणाच्या खांद्यावर येते? बाईच्याच. तेव्हा कर्ज कोणत्या बँकेचे, किती, पीक विमा भरला की नाही, उधारी कोणाकडे, यातले तिला काहीच माहीत नसते. हा प्रसंग गावोगाव घडतो. अशा दिवसाची तयारी आधीच करायची असते, आणि वही ही ती तयारी आहे.

दुसरे कोणी म्हणतील, "आधीच तिला घरचे काम, शाळेचे काम, त्यात वहीची भर?" म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच वहीबरोबर एक काम कमी करा. पाणी मुलाने भरावे, गोठा त्याने झाडावा. बहिणीच्या हातचा झाडू भावाने घेतला तर त्याचे काही बिघडत नाही. वहीची भर घालून कष्ट तेवढेच ठेवले तर तो सन्मान नव्हे, नुसता भार होईल.

तेव्हा या आठवड्याच्या बाजाराहून येताना एक जाड पुठ्ठ्याची वही आणा. पहिल्या पानावर लेकीला गावाचे नाव, गट नंबर, क्षेत्र आणि घरातल्या सर्वांची नावे लिहू द्या. त्यात तिचे स्वतःचे आणि आईचे नाव असावे. दर रविवारी रात्री जेवणानंतर सगळ्यांनी बसून तिच्याकडून आठवड्याचा हिशेब वाचून घ्या. मध्येच कोणी "तुला काय कळते" म्हणू नका. चूक झाली तर दाखवा, तीच दुरुस्त करील. हंगाम संपला की खर्च, उत्पन्न आणि आईचा रोज यांची बेरीज तिलाच करू द्या, आणि पुढच्या हंगामाला काय पेरायचे हे ठरवताना तिला ओट्यावर बसवा.

रोपाला आळे करून पाणी दिले तर ते वाढते, नुसते "वाढ, वाढ" म्हणून वाढत नाही. हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. लेकीचेही तसेच आहे.